झाडात पिळायच्या लोखंडी पायऱ्या: घ्याव्यात, पण झाड बघून

आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. हरणाच्या शिकारीसाठी मचाण लावायचंय, झाड तुमच्या स्वतःच्या किंवा मनापासून परवानगी देणाऱ्या माणसाच्या जमिनीवर आहे, ते जिवंत आणि निरोगी आहे, आणि दरवर्षी त्याच झाडावर बसायचंय, तर या पायऱ्या घ्या. यातली एक जरी गोष्ट नसेल तर पैसे दुसरीकडे लावा.

मी मूळची कुडाळची, आता मिशिगनच्या दक्षिण भागात. नोकरी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्यांकडे, बोल्ट तपासायची. त्यामुळे कुठलाही स्क्रू हातात आला की आधी आटे बघायची खोड आहे, ती या लेखात दिसेल. शिकारीचं वेड ऑफिसातल्या मंडळींनी लावलं. आईला ते अजून पचलेलं नाही. फोनवर दरवेळी एकच प्रश्न, "थंय दुकानात मटाण गावणा नाय काय गो?" तिला काय सांगणार! भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. इथे उलट हरणं इतकी की राज्य सरकारच परवाने विकून त्यांची संख्या आटोक्यात ठेवतं. १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाचा हंगाम उघडतो, १५ नोव्हेंबरला बंदुकीचा. मी धनुष्यवाली.

मचाण म्हटलं की आपल्याकडच्यांना बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर होणारी प्राणीगणना आठवते: बांबू, सुतळी, दोन-तीन माणसं ऐसपैस. इथलं मचाण म्हणजे एका माणसापुरती लोखंडी बैठक आणि पाय ठेवायला जाळी, दोन पट्ट्यांनी बुंध्याला आवळलेली. जमिनीपासून पंधरा-अठरा फूट. तिथवर पोचायचे मार्ग तीन: शिडी, पट्ट्याने बांधायच्या तुकड्या-तुकड्यांच्या काठ्या, नाहीतर या पायऱ्या.

वस्तू अगदी साधी आहे. लोखंडी सळई इंग्रजी झेड अक्षरासारखी वाकवलेली. वरच्या टोकाला टोकदार आटे, ते झाडात जातात. मधला उभा भाग सालीला टेकतो. खालचा आडवा भाग बाहेर येतो, त्यावर पाय. एका पायरीवर एकच पाय मावतो, म्हणून डावी-उजवी अशी चढती रांग लावायची. वजन कुठे जातं ते बघा. आपण खालच्या टोकावर उभे राहिलो की पायरी झाडापासून सुटायला बघते, पण उभ्या भागाचं खालचं टोक सालीवर दाबलं जातं आणि वरचा स्क्रू तिला धरून ठेवतो. म्हणजे उभा भाग झाडाला घट्ट टेकलेला असेल तरच हिशेब जमतो. बोटभर फट राहिली तर सगळा भार स्क्रूच्या मानेवर येतो, आणि तिथेच सळई वाकते. दुकानात पाकिटावर तीनशे पौंडांचा आकडा छापलेला असतो, पण ही फट त्या आकड्यात धरलेली नसते.

दोन जाती मिळतात, एक अखंड सळईची आणि दुसरी घडीची. घडीची बिजागरीवर दुमडते, पिशवीत कमी जागा घेते, दिसायलाही फसवी सुबक. मी आधी घडीच्या मागवल्या होत्या. पाकीट उघडून हातात घेऊन हलवल्या तर दोन पायऱ्यांचं रिव्हेट खुळखुळत होतं, आणि एकीच्या आट्यांवर पावडर कोटिंगचा इतका जाड थर की टोक बोथट झालेलं. विकणाऱ्यांना कळवलं. फोटो पाठवा म्हणाले, पाठवले. मग व्हिडिओ पाठवा म्हणाले. खुळखुळ फोटोत दिसत नाही हे त्यांचं म्हणणं खरंच होतं म्हणा! शेवटी पैसे परत मिळाले, पण तोवर ऑगस्ट अर्धा संपला होता. मग अखंड सळईच्या घेतल्या. त्यात हलणारा भागच नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही. पाय ठेवायच्या भागावर खाचे पाडलेले आणि टोकाला वर वळवलेलं बोटभर नाक, म्हणजे बूट बाहेर घसरत नाही. डझन साधारण चाळीस डॉलरांच्या आत पडल्या. वजन डझनाला पाच-सहा किलो, आणि पिशवीत भांड्यांच्या रॅकसारखा खणखणाट. मी प्रत्येक पायरीच्या उभ्या भागावर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, आवाज गेला.

पाकिटावरच्या चित्रातला चढणारा बाप्या सहा फुटी आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. तो दीड-दीड फुटावर पायरी लावतो. मला तेवढं अंतर ठेवलं तर थंडीचे तीन थर घालून गुडघा वर जात नाही. मी सव्वा फुटावर लावते. आता हिशेब करा: बैठक पंधरा फुटांवर, पहिली पायरी जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे तिथवरच बारा पायऱ्या संपतात. आणि खरी गरज बैठकीच्या वर आणखी तीन पायऱ्यांची असते, हाताने धरायला. तेव्हा बुटक्या माणसाला डझनाने भागत नाही. दोन डझन घ्या, उरलेल्या उपयोगी पडतात. एकानेही हे पाकिटावर लिहिलेलं नाही.

आता पिळायचं कसं. पाकिटात गिरमिट येत नाही, ते वेगळं घ्या. छोटं, हाताने फिरवायचं, दोन-तीन डॉलरांचं. त्याने सालीतून आत एक बारीक भोक पाडून घेतलं की आटे सरळ धरतात. भोकाशिवायही जातात असं सगळे सांगतात. जातात, पण मग अंगाचा भार स्क्रूच्या मागे टाकून पहिले तीन-चार फेरे द्यावे लागतात. जमिनीवर उभं राहून ते सोपं आहे. दहा फुटांवर एका पायावर, कमरेच्या पट्ट्यावर टांगून, एका हाताने करून बघा. आटे एकदा धरले की पायरी स्वतःच पाना होते: खालचा दांडा धरून गरगर फिरवायची. शेवटचे दोन-तीन फेरे जड जातात, तिथे दुसऱ्या पायरीचा दांडा अडकवून तरफ करायची. आणि मग नेमकं असं होतं की घट्ट बसते तेव्हा दांडा आडवा किंवा वर बघत असतो. इथे लोक अर्धा फेरा मागे सोडून देतात आणि चालवून घेतात. तसं करू नका. मागे सोडलं की तीच फट. दम धरून पुढचा अर्धा फेरा द्या, सालीत दांड्याचा वण उमटेपर्यंत. ओल्या मेपलमध्ये त्या वेळी एक करकर असा आवाज येतो, दाराच्या बिजागरीसारखा, आणि भोकातून गव्हाच्या कोंड्यासारखा ओला भुसा बाहेर पडतो. पांढरा, स्वच्छ, जरा गोडसर वासाचा भुसा आला की समजायचं लाकूड निरोगी आहे. तपकिरी आणि भुगाभुगा आला तर तिथेच थांबायचं, उलटं फिरवून काढायचं आणि दुसरं झाड शोधायचं.

आणि झाड शोधणं हाच या वस्तूचा खरा भाग आहे. पायरी तुटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, झाडाने दगा दिल्याचं मात्र ऐकलंय.

आमच्या भागात सगळ्यात मोठा सापळा म्हणजे ॲश नावाचं झाड. पाचूसारखा हिरवा चमकदार भुंगा आशियातून आला, २००२ मध्ये इथे आग्नेय मिशिगनमध्येच पहिल्यांदा सापडला, आणि त्याच्या अळ्यांनी सालीखाली नागमोडी बोगदे पाडून राज्यातली कोट्यवधी ॲशची झाडं मारली. ती अजून जागोजाग उभी आहेत, भाल्यासारखी सरळ, फांद्या नसलेली. नवख्याला वाटतं, मचाणाला याहून चांगलं झाड नाही! स्क्रूसुद्धा लोण्यात गेल्यासारखा जातो. जातो तसाच बाहेरही येतो. पानं असताना, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात झाड निवडा. नोव्हेंबरात सगळीच झाडं मेलेली दिसतात.

शॅगबार्क हिकरीची साल वीतभर लांब ढलप्यांनी सुटलेली असते, पायरीचा उभा भाग त्या ढलप्यावर टेकतो, झाडावर नाही. लाकूड इतकं कठीण की मनगटं दुखतात. आस्पेन, कॉटनवूड मऊ. चढता येतं, पण मला मऊ लाकडातला स्क्रू वर्षभर भरवशाचा वाटत नाही. बीचची साल पातळ आणि गुळगुळीत, पायरी झकास बसते, पण बीच किडलेला नाही ना ते बघून घ्या.

ओक हे तर हरणांचं ताट. त्याच्या फळांखाली हरणं येतात म्हणून सगळ्यांना ओकवरच बसायचं असतं. पण ओकला जखम करण्याचा काळ बघा. ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग ताज्या जखमेच्या रसावर येणाऱ्या किड्यांवाटे पसरतो, आणि लाल ओकच्या जातीचं झाड एकदा धरलं की काही आठवड्यांत जाऊ शकतं. मुळं एकमेकांत गुंतलेली असतात म्हणून शेजारचंही. मिशिगनमध्ये १५ एप्रिल ते १५ जुलै हा काळ विशेष धोक्याचा मानतात. छाटणीलासुद्धा मनाई करतात, मग पंधरा भोकांचं काय! वसंतात हवा छान असते म्हणून उत्साहाने मचाणं लावायला निघणाऱ्यांनो, ओकला तेव्हा हात लावू नका. मी ओकमध्ये पायऱ्या घालतच नाही. ओकच्या समोर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला मेपल असतोच कुठेतरी.

मेपल मला आवडतो त्याचं कारणही आहे. त्याला भोकांची सवय आहे. दरवर्षी हिवाळा संपताना सिरपवाले (मेपलच्या रसाचा गोड पाक करणारे) त्यात नळ्या ठोकतात, आणि निरोगी झाड ती भोकं पुढच्या एक-दोन वर्षांत बुजवून टाकतं. झाड जखम भरून काढत नाही, ती कोंडून टाकतं: आत भिंत घालतं आणि वरून नवं लाकूड वाढवतं. आमच्याकडे माडाला चढण्यासाठी बुंध्यावर खाचा पाडतात, त्या माड असेपर्यंत तशाच राहतात, कारण माडाला सालीखाली वाढणारा तो थरच नाही. रेंदेर पिढ्यान्‌पिढ्या त्याच खाचांवर पाय ठेवून सूर (माडी) काढतात. लहानपणी बघितलेलं ते गणित मेपलला लावलं तर फसतं. मेपल वाढतो, जाड होतो. पायरी दोन-तीन वर्षं तशीच ठेवली तर साल तिच्या मानेवर ओठासारखी चढते, आणि मग ती निघत नाही.

न निघालेल्या पायरीचं पुढे काय होतं ते आमच्या शेतमालकांनी दाखवलं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, मका आणि सोयाबीन करतात, मागे रानाचा पट्टा आहे तिथे मला बसू देतात. पहिल्या दिवशी पायऱ्यांची पिशवी बघून त्यांनी मला गोठ्यात नेलं आणि करवतीच्या पट्ट्याचा एक तुकडा दाखवला, दात साफ गेलेले. त्यांच्या वडिलांनी कुंपणासाठी ठोकलेला खिळा, चाळीस वर्षं झाडाच्या पोटात. लाकडाच्या गिरणीत हल्ली धातू शोधायचं यंत्र असतं, ते वाजलं की ओंडका बाजूला. वर ओकसारख्या लाकडात लोखंड आणि टॅनिन मिळून निळा-काळा डाग पडतो, शाईसारखा, तो खिळ्याच्या वर-खाली दूरवर जातो. आणि गंमत बघा, झाडाचा सगळ्यात महाग भाग म्हणजे बुंध्याचे खालचे आठ-दहा फूट. आपल्या जवळपास निम्म्या पायऱ्या नेमक्या तिथे. काळ्या अक्रोडाची आठ-दहा झाडं त्यांनी बोटाने दाखवली आणि म्हणाले, "ही माझ्या नातीचं कॉलेज आहेत. यांना हात नाही लावायचा." बाकी वाकड्या-तिकड्या मेपलांचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. तेव्हा परवानगी मागताना "मचाण लावू का?" एवढंच विचारू नका. "झाडात स्क्रू घालणार आहे, कुठल्या झाडात चालेल?" असं विचारा. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

सरकारी जमिनीवर तर प्रश्नच नाही. मिशिगनमध्ये सार्वजनिक जमिनीवर सालीतून आत जाणारी कुठलीही वस्तू चढण्यासाठी वापरता येत नाही. वॉटरलूसारखं वीस हजार एकरांचं रान शिकारीला खुलं आहे, पण तिथे या पायऱ्या घेऊन जाणं म्हणजे दंडाला आमंत्रण. बऱ्याच राज्यांत असंच आहे, आणि पेनसिल्व्हेनियात खासगी जमिनीवरही मालकाच्या परवानगीशिवाय चालत नाही. दुकानात मात्र या पायऱ्या परवाना विकणाऱ्या काउंटरपासून दहा पावलांवर टांगलेल्या असतात, वर एक अक्षर लिहिलेलं नाही. नियमावली दरवर्षी फुकट मिळते, ती बघा.

चढण्याबद्दल. पूर्ण अंगाचा हार्नेस, नुसता कमरेचा पट्टा नव्हे. आणि नुसता वर पोचल्यावर अडकवायचा नाही. बहुतेक लोक पडतात ते चढता-उतरताना आणि पायरीवरून बैठकीवर पाय टाकताना, बसल्यावर नव्हे. म्हणून वरच्या टोकापासून जमिनीपर्यंत एक जाड दोर कायमचा बांधलेला असतो, त्यावर प्रुसिक गाठ. हाताने सरकवली तर सरकते, झटका बसला की आवळते. जमीन सोडायच्या आधी हार्नेस त्या गाठीला. या पायऱ्यांच्या बाबतीत हे दुप्पट खरं आहे, कारण घसरलात तर खाली नुसती जमीन नाही, वाटेत बाहेर आलेले लोखंडी दांडे आहेत, नाक वर वळवलेले. ज्या नाकामुळे बूट घसरत नाही तेच पोटात घुसू शकतं. पायऱ्यांविरुद्ध माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे, आणि तो कुठल्याही कंपनीच्या सुधारणेने जाणार नाही. दोर आणि हार्नेसला पायऱ्यांच्या दुप्पट-तिप्पट पैसे जातील. ते जमत नसतील तर जमिनीवर झुडपात बसा, तिथूनही हरणं मिळतात.

बैठकीच्या वरच्या तीन पायऱ्यांचा उल्लेख केला त्या इथे लागतात. जाळीवर पाय टाकताना हात वर काहीतरी पक्कं धरू शकला पाहिजे. जाळीच्या पातळीच्या जरा वर चढायचं, आणि तिच्यावर उडी मारून नाही, तर तिथून खाली पाय सोडून उतरायचं. धनुष्य पाठीला लावून चढू नका. खाली ठेवा, दोरीने मागून ओढून घ्या. दहिवर गोठलेल्या पहाटे लोखंडावर पांढरी साय आलेली असते, ती हातमोज्याने पुसल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. रबरी बुटाचा मधला खळगा पायरीवर बसवा, चवडा नाही.

काठ्यांशी तुलना सगळे विचारतात. ॲल्युमिनियमच्या चार हलक्या काठ्या पट्ट्याने बांधत वर जायच्या, झाडाला ओरखडाही नाही, सरकारी जमिनीवर चालतात, पाच-दहा मिनिटांत लागतात, दोन्ही पायांना जागा मिळते. किंमत पायऱ्यांच्या कित्येक पट. वारा बदलला, जागा बदलली, असं फिरत शिकार करणाऱ्याने काठ्याच घ्याव्यात, दुसरा विचार करू नये. पायऱ्यांचा फायदा एकच, पण तो मला मोलाचा वाटतो: पट्टा नाही. पट्टे उन्हाने विरतात, खारी कुरतडतात, आणि वर्षभर झाडावर राहिलेला पट्टा बाहेरून ठणठणीत दिसला तरी आतून गेलेला असू शकतो. निरोगी मेपलमधली पायरी मी हाताने तपासू शकते आणि मला लगेच कळतं. शिवाय वाकड्या बुंध्यावर, जिथे काठी नीट टेकत नाही, तिथे पायरी प्रत्येक वळणाला हवी तशी लावता येते. माझा मेपल सहा फुटांवर कोपरासारखा वळलाय. काठी तिथे डुलते.

पायऱ्या लावायची योग्य वेळ माझ्या मते ऑगस्टचा शेवट. डास फोडून काढतात, घामाने हार्नेस चिकटतो, पण लाकूड ओलं असतं आणि आवाज केला तरी हरणं ऑक्टोबरपर्यंत विसरतात. हंगामात दरवेळी उतरल्यावर खालच्या चार पायऱ्या काढून घेऊन जाते. शेतमालकांची नातवंडं माकडांसारखी चढतात, आणि परक्यांनाही बैठक आयती मिळायला नको.

जानेवारीत सगळ्या काढायच्या. गोठलेल्या लाकडातून निघायला कुरकुरतात, म्हणून पाणी होण्याइतकी हवा असलेली दुपार बघा. उभ्या भागावर ट्यूब आहे, तिथे धरलं की हात सोलवटत नाहीत. काढल्यावर भोकात लांबी, मेण, रंग काही भरू नका, झाडाला ते नको असतं. अपवाद फक्त ओकचा, धोक्याच्या महिन्यांत त्याला जखम झालीच तर लगेच रंग लावतात. आटे तारेच्या ब्रशने घासून तेलाचा हात फिरवला की गंज येत नाही. पुढच्या वर्षी जुन्या भोकात पुन्हा घालायचं नाही, चार बोटं वर किंवा खाली नवी जागा. माझ्या दोन डझनांपैकी एकही अजून वाकलेली नाही, आट्यांचं टोक मात्र तीन-चारांचं बोथट झालंय. ते कानशीने घासून घ्यायचंय.